वाळवंटातली बर्फाची गाडी

कुवेतला जाऊन बॉबस्लेत बसून आले, असं सांगितलं की सांगलीतले लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग आमच्या ह्यांच्याकडे. बॉबस्ले म्हणजे बर्फाच्या उतारावरून सुसाट घसरत येणारी लांबट गाडी. टीव्हीवर हेल्मेट घातलेले धटिंगण एकामागे एक बसून येतात ना, तीच. ती कुवेतमध्ये? वाळवंटात? आणि तुम्ही बसलात? एवढ्या आजारपणानंतर? प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून माझं तोंड दुखलं. म्हणून एकदाच लिहून काढते आहे. यापुढे कुणी विचारलं तर कागदच हातात देईन.

आजारपणाचं आधी उरकते. मागच्या वर्षी माझ्या छातीतली गाठ काढली. मग केमो झाले, केस गेले, परत आले, आणि आले ते कुरळे आले. डॉक्टर म्हणाले, तपासणीला वेळच्या वेळी येत राहा, बाकी खा, प्या, हिंडा. मी बरी झाले. आमचे हे काही बरे झाले नाहीत.

म्हणजे असं, की आमच्या घरातली भांडणं पूर्वी गल्लीत प्रसिद्ध होती. हे पाटबंधारे खात्यात होते, आवाज धरणाच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असा. मीही काही कमी नाही. ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला, गॅस कुणी चालू ठेवला, कशावरूनही जुंपायची. ऑपरेशन झालं त्या दिवसापासून ह्यांचा आवाज जो बसला तो बसलाच. आमटीत मीठ विसरले तरी "छान झालीय." त्यांच्या चष्म्यावर बसून काडी मोडली, तर "असू दे, जुनाच होता." मी मुद्दाम कुरापत काढून पाहिली. हूं नाही की चूं नाही.

सुरुवातीला बरं वाटलं. मग भीती वाटायला लागली. जाणाऱ्या माणसाशी कुणी भांडत नाही. ह्यांनी मनातल्या मनात मला वजा केलंय आणि सांगत नाहीत एवढंच, असं वाटून तो गोड आवाज ऐकला की माझ्या अंगावर काटा यायचा.

बनेद अल-गार

विमानातून बाहेर पडते तर दारातच एक माणूस चाकाची खुर्ची घेऊन उभा.

"ही कुणासाठी?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी. मी तिकीट काढतानाच सांगून ठेवलं होतं," हे म्हणाले.

मी रोज सकाळी कृष्णाकाठी घाटापर्यंत चालत जाणारी बाई. अंगाचा तिळपापड झाला. पण तो खुर्चीवाला बिचारा इतक्या अदबीनं उभा होता की मी बसले. पासपोर्टवर शिक्का मारतात तिथल्या रांगेनं माझ्याकडे कीव करून पाहिलं आणि बाजूला सरून वाट दिली. कुवेतचं पहिलं दर्शन मला असं लोकांच्या कमरेच्या उंचीवरून झालं.

नलिनी, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, तिथल्या एका रुग्णालयात सिस्टर आहे. तिचे यजमान मीना अब्दुल्ला नावाच्या गावातल्या रिफायनरीत. त्यांच्या पाळ्या अशा की आमच्या सबंध मुक्कामात ते मला बहुतेक वेळा झोपलेलेच दिसले. घर बनेद अल-गारला, समुद्राजवळ. नलिनीनं दोन वर्षं "या, या" म्हणून धोशा लावला होता. "पण थंडीतच या हं वहिनी, उन्हाळ्यात इथं माणूस भाजून निघतो."

वाळवंट म्हणजे ऊन, अशी आपली समजूत. मी सुती साड्या भरल्या होत्या. जानेवारीत तिथं समुद्रावरून असा वारा येतो की कान जागेवर आहेत की नाही ते चाचपून बघावं लागतं. ह्यांनी मात्र माझ्यासाठी माकडटोपी आणली होती. ती घालून मी समुद्रकाठच्या फरसबंद रस्त्यावर फिरले. फिरले तरी कसलं? दर बाकापाशी हे थांबायचे. "बस जरा." मी बसायची. पुढच्या बाकापाशी पुन्हा "बस जरा." सबंध समुद्रकिनारा मी बाकाबाकानं पाहिला. आजूबाजूला माझ्याहून थोराड बाया बूट घालून भराभर चालत होत्या.

खाण्याची मात्र चंगळ होती. सकाळी तंदूरवाल्याकडून कागदात गुंडाळून आणलेला गरम खबूस, म्हणजे ताटाएवढी मऊ रोटी. आपल्या पापलेटला तिथं जुबैदी म्हणतात आणि त्याचा मान आपल्यापेक्षा मोठा. नलिनीनं ती मालवणी मसाला लावून तळली. मी पहिला घास घेणार, तेवढ्यात ह्यांनी माझं ताट ओढून काटे काढायला सुरुवात केली. इतक्या वर्षांच्या संसारात ज्यांनी मला उठून पाण्याचा पेला दिला नव्हता, ते माशाचे काटे काढत होते!

"दादा, वहिनींना खाऊ दे रे," नलिनी म्हणाली.

"घशात बिशात अडकायचा," हे मृदू आवाजात म्हणाले. माझी भूकच मेली.

हिवाळी जत्रा

थंडीत कुवेती माणूस घरात सापडत नाही. उन्हाळाभर वातानुकूलित खोल्यांत कोंडून घेतलेलं सगळं शहर बाहेर पडतं. अशीच एक हिवाळी जत्रा शहराबाहेर भरली होती, तिथं नलिनी आम्हाला घेऊन गेली. सपाट वाळूत अचानक एक पांढराशुभ्र डोंगर उभा. फायबरचा. त्यावर प्लास्टिकची सूचिपर्णी झाडं, आणि एका यंत्रातून फसाफसा उडणारा साबणाचा फेस, तो म्हणे बर्फ. लोक त्याच्याखाली उभं राहून फोटो काढत होते. माझ्या डोळ्यांत गेला, डोळे झोंबले, आणि ह्यांनी लगेच बाटलीतलं पाणी माझ्या तोंडावर मारलं. थंडीत मी निथळत उभी.

त्या डोंगरावरून वळणावळणानं एक पत्र्याची पन्हळ खाली येत होती आणि तिच्यातून लाल गाड्या सुसाट येत होत्या. मोठ्या अक्षरांत पाटी होती, बॉबस्ले. खरा बर्फ नाहीच, गाडीला खालून चाकं. एका गाडीत दोघं, एकामागे एक. मागच्याच्या हातात ब्रेकचा दांडा. वरून एक बुरखेवाल्या बाई आणि त्यांची लेक किंचाळत आल्या, उतरल्या, हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या आणि पुन्हा रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

मला बसायचं होतं. कशात तरी जोरात जायचं होतं. सबंध वर्षात मला कुणी जोरात काही करू दिलं नव्हतं.

"वहिनी, बसायचं का?" नलिनीनं विचारलं. "कुणी बसू नये ते त्या पाटीवर लिहिलंय, त्यातलं तुम्हाला काहीच नाही. हृदयविकार नाही, मणक्याचं नाही. जखम कधीच भरलीय. काही हरकत नाही."

आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "नको गं, मला कशाला!"

आता हे कुणालाही कळायला हवं. आपल्याकडे पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. वाढणारा पुन्हा विचारतो, आपण पुन्हा नको म्हणतो, मग तो वाढतो आणि आपण खातो. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारी बाई हावरट दिसते. पण नलिनी दुसऱ्यांदा विचारायच्या आत हे म्हणाले, "नको म्हणतेय ना ती? मग नको." एवढं सुटल्यासारखं तोंड मी त्यांचं वर्षभरात पाहिलं नव्हतं. लगेच जाऊन माझ्यासाठी कपभर उकडलेले मक्याचे दाणे घेऊन आले.

मी ते दाणे खात बाकावर बसले. घरी येईपर्यंत कुणाशी बोलले नाही. राग कुणाचा करावा तेही कळेना, कारण नको तर मीच म्हणाले होते.

उम्म खालिदचा तंबू

नलिनीच्या वॉर्डात एक कुवेती बाई कितीतरी वर्षं कामाला होत्या, आता निवृत्त झाल्यात. त्यांना सगळे उम्म खालिद म्हणतात, म्हणजे खालिदची आई. आपल्याकडेही पूर्वी बायकांना अशीच हाक मारायचे, मला ते ओळखीचं वाटलं. थंडीत या लोकांची कुटुंबंच्या कुटुंबं वाळवंटात तंबू ठोकून राहतात. घरात सगळं असताना वाळूत जाऊन राहायचं, ही हौस मला काही समजली नव्हती. तिथं जाऊन बसल्यावर समजली. चारी बाजूंना काही म्हणजे काही नाही. मधे लाकडं पेटलेली, खाली जाड लाल गालिचे, आणि किटलीतून सारखा येणारा वेलदोड्याचा वास.

उम्म खालिद माझ्याहून मोठ्या, अंगानं भरलेल्या. हिंदी सिनेमे बघून बघून मोडकं हिंदी बोलतात. परातीएवढ्या ताटात मचबूस आलं. मसाल्याचा भात, त्यावर अख्खी मटणाची तंगडी, भाजलेला कांदा, बेदाणे. त्यांनी माझ्यापुढं भाताचा ढीग लोटला. मी नको म्हणाले. "वल्ला!" म्हणून त्यांनी दुप्पट लोटला. पुन्हा नको म्हणाले, तर मांसाचा सगळ्यात मऊ तुकडा हातानं तोडून माझ्या पुढ्यात टाकला. आपल्याकडे आग्रह करतात, तिथं देवाची शपथच घालतात. बोलायची सोय नाही. हे बाजूनं म्हणाले, "तिला जड अन्न चालत नाही." चालतं. मला सगळं चालतं.

चहा आला तेव्हा उम्म खालिदनी मला विचारलं, "कुवेत में क्या अच्छा लगा?"

"समुद्र आवडला तिला," हे म्हणाले. "शांत जागा आवडतात."

उम्म खालिदनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. बोट माझ्या छातीकडे केलं. "तुम बोलो. वो नहीं. तुम."

काय झालं कोण जाणे. त्या बोटासमोर मला पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको असं काही सुचेना. मी म्हणाले, "मुझे वो गाडी में बैठने का है. लाल गाडी. बॉबस्ले."

नलिनी हसायला लागली. हे गालिच्याकडे बघत राहिले. उम्म खालिदनी टाळी वाजवली आणि ह्यांना म्हणाल्या, "बस! कल लेके जाओ."

परतीच्या वाटेवर गाडीत हे एवढंच बोलले, "मी बसणार मागं. ब्रेक माझ्या हातात पाहिजे."

डोंगरावर

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा जत्रेत. वर जायचा जिना लोखंडी. दर वळणावर हे "दम लागला का?" विचारत होते. दम त्यांना लागला होता. वर गाडी सोडणारा माणूस आमचं बोलणं ऐकून चकित झाला.

"मराठी काय? कुठचे वो तुम्ही?"

"सांगलीचे. तुम्ही?"

"मी हर्णैचा," तो म्हणाला. नाव इक्बाल. त्यानं एवढ्या प्रेमानं माझ्या हेल्मेटचा पट्टा बसवला की मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं. मी पुढं बसले, हे मागं, त्यांचे गुडघे माझ्या दोन्ही बाजूंना. इक्बालभाईंनी नीट समजावलं. दांडा ओढला की गाडी थांबते, सोडला की पळते, आणि आम्ही खाली पोचल्याशिवाय मागची गाडी ते सोडणार नाहीत. "वळणावर थोडासा ओढा काका, बाकी मोकळी सोडा. काय एक व्हायचा नाय."

त्यांनी धक्का दिला. गाडी निघाली. आणि थांबली.

पुन्हा निघाली, बैलगाडीच्या चालीनं, आणि पुन्हा थांबली. मागं दांडा करकर वाजत होता. पहिलं वळण आम्ही असं पार केलं की मला पन्हळीच्या पत्र्यावरचे स्क्रू दिसले. दुसऱ्या वळणाच्या तोंडाशी गाडी ठार उभी राहिली. खाली वाळवंट पसरलेलं, लांबवर समुद्राची रेघ, वर रांग ताटकळलेली, आणि आम्ही दोघं मधेच लटकलेले.

"अहो, ब्रेक सोडा."

"सोडलाय."

"सोडलाय तर गाडी काय विचार करत थांबलीय?"

"तू घट्ट धरून बस. घाई नाही आपल्याला."

वरून भोंग्यातून इक्बालभाईंचा आवाज आला, "काका, बिरेक सोडा वो! रांग लागलीय!" मग तेच अरबीत, मग हिंदीत. वरचे लोक टाळ्या वाजवायला लागले.

माझं डोकं फिरलं. हेल्मेटमुळे मागं वळता येईना, म्हणून समोरच्या पत्र्याकडे बघतच मी ओरडले. "वर्षभर तुम्ही असाच ब्रेक लावून बसलाय! खुर्ची काय, काटे काय, बाक काय! मी मेले नाही अजून! भांडत का नाही माझ्याशी? आमटी आळणी असते, मला कळत नाही का? तुम्हाला काय माहिती आहे जे मला माहिती नाही? डॉक्टरनं तुम्हाला वेगळं काही सांगितलंय का?"

मग ते इतक्या हळू बोलले की वारा असता तर ऐकू आलं नसतं.

"डॉक्टरनं काही नाही सांगितलं. मी नवस बोललोय."

"कसला नवस?"

"तू आत होतीस तेव्हा. गणपतीला म्हटलं, हिला बाहेर आण, जन्मात पुन्हा हिच्यावर आवाज चढवणार नाही. त्यानं आणलं बाहेर. आता मी मोडला तर?"

हा माणूस मला वजा करून बसला नव्हता. वर्षभर आळणी आमटी गिळत माझा जीव राखत बसला होता. रडूही आलं आणि त्याहून जास्त संताप आला.

"नवस माझ्यावर, आणि मला विचारलंत? नारळ बोलायचा होता, मोदक बोलायचे होते! हे असलं मुक्याचं घर बोलून बसलात? असल्या घरात जगण्यासाठी मी केमो घेतले का? तुमच्या देवाला तरी पटलं असेल का हे?"

"मंगल, देवाला मधे आणू नकोस."

"तुम्हीच आणलंत!"

"गप्प बस!" हे कडाडले.

असे कडाडले की वरच्या टाळ्या थांबल्या. खाली नलिनीला ऐकू गेलं, हे तिनं नंतर सांगितलं. धरणाच्या पलीकडे जाणारा तो जुना आवाज, वर्षभर कोंडलेला, सबंध जत्रेवरून गेला.

आणि मग आपल्याकडची कुठलीही चारचौघांसारखी माणसं जे करतात तेच ह्यांनी केलं. देवाचा अपराध झाला म्हणून दांडा सोडला आणि दोन्ही हातांनी गालांवर चापट्या मारून घेतल्या.

गाडी सुटली.

मला उलट उत्तर द्यायलाही वेळ मिळाला नाही. दुसरं वळण आलं आणि गेलं, मी पन्हळीच्या भिंतीवर आडवी झाले, साबणाचा फेस तोंडात गेला, पोट कुठं तरी मागंच राहिलं. मागून "अगं! अगं! अगं!" चाललं होतं. ह्यांना दांडा सापडतच नव्हता. मी किंचाळले. भीतीनं नव्हे. किती दिवसांत किंचाळले नव्हते, तेवढं सगळं किंचाळले. खाली जाड रबराच्या गादीवर गाडी आपटून थांबली तेव्हा घसा फाटला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

नलिनी धावत आली, सवयीनं आधी माझी नाडी धरली, मग ह्यांचा चेहरा बघून ह्यांची. ह्यांच्या तोंडावरचा रंग पार उडाला होता. माझ्याकडे असे बघत होते, की मी आत्ता, त्यांच्या डोळ्यांदेखत, काहीतरी होऊन पडेन.

"मी ओरडलो," ते नलिनीला म्हणाले. "मोडला मी."

पुन्हा सांगली

बाकीचे दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. खजूर घेतले, केशर घेतलं, मसाल्याच्या बाजारात शिंका दिल्या. हे काही बोलत नव्हते. आता गोडही नाही आणि तिखटही नाही. परत आल्यावर माझी तपासणी होती, आणि ती ठरलेलीच होती, पण ह्यांच्या लेखी ती देवाच्या उत्तरासारखी झाली. खरं सांगायचं तर मलाही झोप लागेना. असलं मी मानत नाही, पण तपासणीच्या टेबलावर आडवं पडल्यावर माणूस काय मानतो आणि काय नाही, ते त्याचं त्यालाही नक्की सांगता येत नाही.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाले, सगळं स्वच्छ आहे. ह्यांनी त्यांना तीनतीनदा विचारलं. मग बाहेर आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मी त्यांना तिथंच उभं राहू दिलं आणि रिपोर्ट पिशवीत घालून समोरच्या भाजीवालीकडे गेले. मेथी घेतली, कोथिंबीर घेतली, पिशवीत टाकली.

हे रस्ता ओलांडून आले. पिशवीत डोकावले.

"अगं, रिपोर्टवर ओली कोथिंबीर?" भर बाजारात त्यांचा आवाज चढला. "अक्कल आहे का जरा? एवढ्या मोलाचा कागद! शाई फुटेल, पुढच्या वेळी काय दाखवणार आहेस डॉक्टरला? हजारदा सांगितलं, फाइल वेगळी धरायची!"

भाजीवाली वजनकाटा हातात धरून बघत राहिली. दोन मोटारसायकलवाले थांबले. मी पिशवी छातीशी घट्ट धरली आणि म्हणाले, "मग तुम्ही धरायची होतीत, भिंतीला टेकून काय उभे होतात?"

घरी पोचेपर्यंत आम्ही भांडत होतो.